खेळणाऱ्या मुलीचा चरितार्थ

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. आमच्या करजण गावी शाळा सुटल्यावर मुलींचा खो-खोचा सराव चालला होता. मैदान ओलसर होते, चुन्याची फक्की जागोजागी पुसली गेली होती, तरी मुलींच्या पायांना विसावा नव्हता. नववीतील एक मुलगी दोन्ही खांबांच्या मधून अशी काही नागमोडी पळत होती की तिच्या मागे लागलेल्या गड्याचा हात दर वेळी वितभर अंतरावरून रिकामा परत येई. कुंपणाशी तिचे वडील सायकल धरून उभे होते. मूळचे खानदेशातले; पोटापाण्यासाठी गुजरातेत आले आणि हमरस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले. मी जवळ जाताच ते म्हणाले, "गुरुजी, पोरगी चांगली पळते, हे मलाही दिसतं. पण एक सांगा. खो देऊन पोट भरतं का?"

प्रश्न उर्मटपणाचा नव्हता. ज्याला महिन्याच्या पहिल्या तारखेला किराण्याचे बिल चुकवावे लागते त्या बापाचा तो प्रश्न होता. मी तेव्हा काही तरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर मनाला स्वस्थता लाभेना. कारण हाच प्रश्न मला पूर्वीही एकदा विचारण्यात आला होता, आणि त्या वेळी मी दिलेले उत्तर आठवले की आजही मान खाली जाते. ती हकीकत पुढे येईलच. प्रथम या प्रश्नाचे खरे उत्तर काय, याचा आपण शांतपणे विचार करू.

खेळ हा छंद असतो, तसा तो व्यवसायही असू शकतो. पण व्यवसाय म्हणजे केवळ बक्षिसे नव्हेत. सुताराला रंधा चालवल्याबद्दल गावाने एकदा शाल-श्रीफळ दिले म्हणून त्याचे घर चालत नाही. त्याला रोजची मजुरी लागते. कोणत्याही व्यवसायाविषयी शहाणा माणूस चार गोष्टी विचारतो. वेतन किती आणि ते नियमित मिळते काय? हे काम किती वर्षे करता येईल? कामावर असताना हातपाय मोडला तर कोण बघेल? आणि काम संपल्यावर पुढे काय? खेळणाऱ्या मुलीच्या चरितार्थालाही हेच चार प्रश्न लावून पाहिले पाहिजेत. टाळ्यांचा आवाज कितीही मोठा असला तरी यांपैकी एकाचेही उत्तर त्यात नसते.

आता आपल्या घरच्या खेळापासूनच आरंभ करू. खो-खो हा खेळ जुना. त्याचे मूळ नेमके कोणत्या काळात, हे शोधण्याच्या भरीस आपण पडू नये. पण त्याला नियमांची चौकट कोठे मिळाली हे ठाऊक आहे, आणि त्यात आमच्या बडोद्याचा वाटा फार मोठा आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम ठरवण्यासाठी समिती नेमली, आणि छापील नियम प्रसिद्ध झाले ते १९२४ साली बडोद्याहून, जिमखान्याच्या वतीने. सयाजीराव महाराजांच्या त्या राज्यात मराठी आणि गुजराती माणसे एकाच आखाड्यात घाम गाळीत होती. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा कायदा महाराजांनी १९०६ साली सर्व राज्याला लागू केला होता, आणि त्यात मुलींनाही वगळले नव्हते. मुलगी शाळेत आली, म्हणजे आज ना उद्या ती मैदानावरही येणार, हे ओघानेच आले.

राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९५९-६० च्या हंगामात विजयवाड्याला भरली, आणि त्यानंतर लवकरच कोल्हापुरात महिलांच्या स्पर्धेलाही आरंभ झाला. अर्जुन पुरस्कार या खेळाला प्रथम मिळाला तो १९७० साली, गुजरातच्या सुधीर परब यांना. पुढच्याच वर्षी, १९७१ साली, तो गुजरातच्याच अचला देवरे यांना मिळाला आणि १९७३ साली भावना परीख यांना. म्हणजे या खेळातील पहिल्या तीन अर्जुनवीरांपैकी तिघेही गुजरातचे आणि त्यांतील दोन स्त्रिया. पुढे इंदूरच्या निलिमा सरोलकर, महाराष्ट्राच्या उषा नगरकर अशी ही मालिका चालू राहिली. नावे वाचली तरी ध्यानात येते की मराठी बोलणाऱ्या घरांतील लेकींनी हा खेळ पुण्यात, इंदुरात आणि बडोद्यात सारख्याच हौसेने जोपासला.

हा खेळ पाहणाऱ्याला सोपा वाटतो. खेळणाराच त्याची किंमत जाणतो. पाटीवर आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले. नववा पाठलाग करणारा. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सारे रान मोकळे. म्हणजे बंधने सगळी मारणाऱ्यावर आणि मोकळीक सगळी पळणाऱ्याला. अशा स्थितीत गडी बाद करायचा तर तो एकट्याच्या वेगाने होत नाही. खो केव्हा द्यायचा, कोणाला द्यायचा, पळणाऱ्याला हळूहळू खांबाकडे कसे रेटायचे, आणि शेवटी सूर मारून त्याला कसे टिपायचे, हे नऊ जणांनी एका मनाने ठरवावे लागते. पळणाराही केवळ पायांवर पळत नाही. हुलकावणी द्यायची, बसलेल्याच्या डोळ्यांत पाहून त्याचा बेत ओळखायचा, आणि दोन-तीन मिनिटे श्वास टिकवायचा. पाहणाऱ्याला दोन मिनिटे म्हणजे काहीच नाही. पण ज्याने ती पळून काढली आहेत त्याला विचारा.

एवढे सारे करूनही मानाच्या पलीकडे खेळाडूच्या पदरात काय पडत होते? १९९८ साली शोभा नारायण यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर बावीस वर्षे या खेळाकडे तो फिरकलाच नाही. २०२० साली तो मिळाला सारिका काळे यांना. त्यांची कथा थोडी सविस्तर सांगतो, कारण आपल्या चारही प्रश्नांची उत्तरे तीत आहेत.

सारिका काळे धाराशिवच्या, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबादच्या. वडिलांना शरीराच्या अडचणीमुळे फारशी कमाई करता येत नव्हती, आई शिवणकाम आणि मिळेल ते घरकाम करी, आणि आजी-आजोबांच्या मिळकतीवर संसार कसाबसा चाले. पुरस्कार जाहीर झाला त्या वेळी त्यांनीच सांगितले की आयुष्यातील जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकदाच जेवण मिळे. खेळाडूच्या अंगाला अन्न लागते, हे सांगायला वैद्य नको. पळणारी मुलगी घरात सर्वांत अधिक भुकेली असते. आणि नेमकी तीच एकदा जेवून दिवसभर पळत होती! मामांनी त्यांना मैदानावर नेले तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. पुढे प्रशिक्षक लाभले, जिल्ह्याचा संघ झाला, राज्याचा झाला, देशाचाही झाला. मध्यंतरी पैशाच्या ओढाताणीने खेळ सोडून द्यावा असा विचारही त्यांच्या मनात आला होता. घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनी त्यांना मागे फिरवले. २०१६ साली दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत खो-खोचा प्रथमच समावेश झाला. भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले आणि त्या संघाच्या कर्णधार सारिका काळे होत्या.

पण त्यांच्या घरची चूल पेटती राहिली ती कशाने? सुवर्णपदकाने नव्हे. त्या तुळजापूर येथे शासनाच्या क्रीडा अधिकारी झाल्या, म्हणून. हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या देशात क्रिकेटसारखे एखाद-दुसरे अपवाद सोडले तर खेळाडूचे पोट खेळाने भरत नाही. खेळामुळे मिळालेल्या नोकरीने भरते. रेल्वे, बँका, पोलीस, आयकर खाते, विमानतळ प्राधिकरण अशा मोठ्या संस्था खेळाडूंना नोकरीत घेतात आणि आपले संघ उभे करतात. दिल्लीच्या नसरीन शेख यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी २०१९ साली काठमांडूला पुन्हा सुवर्णपदक मिळवले आणि २०२३ चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला; त्यांना आधार होता तो विमानतळ प्राधिकरणाच्या नोकरीचा. महाराष्ट्र शासनाने तर २००५ सालापासून सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत.

या व्यवस्थेचा एक मोठा गुण आहे. गुडघा दुखावला तरी पगार थांबत नाही आणि खेळ संपला तरी नोकरी संपत नाही. म्हणजे आपल्या चार प्रश्नांपैकी शेवटच्या दोहोंचे उत्तर ती देते. पण तिचा दोषही तेवढाच मोठा आहे. नोकरी मिळते ती नाव झाल्यानंतर. नाव होईपर्यंतची दहा वर्षे, म्हणजे मुलगी दहा वर्षांची असल्यापासून वीस वर्षांची होईपर्यंत, खर्च कोणी करायचा? बूट, प्रवास, दूध, औषध यांचा भार त्या दहा वर्षांत बापावर पडतो. आणि ज्याला तो पेलत नाही त्याची मुलगी, ती कितीही चपळ असो, वाटेतच गळते. आपण ज्यांची नावे घेतो त्या टिकलेल्या. गळालेल्यांची गणना कोणी ठेवलेली नाही.

आता अगदी अलीकडील घटनेकडे वळू. १३ ते १९ जानेवारी २०२५ या आठवड्यात नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा भरली. तेवीस देशांचे संघ आले. त्यांत महिलांचे एकोणीस. भारतीय महिला संघाची कर्णधार होती प्रियंका इंगळे. घर मूळचे बीड जिल्ह्यातले, पण ती वाढली पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला. पहिल्याच सामन्यात आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५ विरुद्ध १८ असे हरवले. उपान्त्यपूर्व सामन्यात बांगलादेश, उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिका असे संघ मागे टाकीत त्या अंतिम सामन्यात पोहोचल्या आणि नेपाळचा ७८-४० असा पराभव करून त्यांनी जगज्जेतेपद पटकावले. या संघात गुजरातची एक मुलगी होती, डांग जिल्ह्यातील ओपिना भिलार. सह्याद्रीच्या त्या रानातल्या गावांत डांगी बोली कानावर पडली की मराठी माणसाला आपल्याच बहिणीचा आवाज ऐकल्यासारखे वाटते. तेथून निघालेली मुलगी दिल्लीच्या गादीवर जगज्जेती झाली, ही गोष्ट आमच्या करजणसारख्या गावातल्या मुलींना फार जवळची आहे.

जिंकल्यानंतर काय झाले? महाराष्ट्र शासनाने आपल्या राज्यातील खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. कर्नाटकाने आपल्या दोन खेळाडूंना पाच-पाच लाख देऊ केले. त्यांत महिला संघातील चैत्रा ही मुलगीही होती. महाराष्ट्राचा आकडा दाखवून त्या दोघांनी ते बक्षीस नाकारले. कोण चूक, कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. पण एकाच संघात, एकाच पाटीवर बसून, एकच चषक जिंकलेल्या दोन मुलींच्या कमाईत एवढे अंतर केवळ त्यांच्या गावच्या सरहद्दीमुळे पडावे, यावरून एक गोष्ट उघड होते. बक्षीस हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. वेतन हे करारावर असते. मर्जीवर घर चालत नाही.

करारावर चालणारा खो-खो आपल्याकडे सुरू झाला नाही असे नाही. २०२२ च्या ऑगस्टात पुण्याच्या बालेवाडीला 'अल्टिमेट खो-खो' ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. सहा संघ, दूरचित्रवाणी, खेळाडूंना ठरीव मोबदला. दुसरा हंगाम कटकला झाला आणि तो गुजरातच्या संघाने जिंकला. मात्र हे दोन्ही हंगाम पुरुषांचेच होते. ज्या खेळात मुलींनी पुरुषांच्या बरोबरीने जगज्जेतेपद मिळवले त्या खेळात करार मात्र मुलग्यांच्याच वाट्याला आले.

ही स्थिती केवळ आपल्याकडचीच आहे काय? यासाठी जरा दूर, ऑस्ट्रेलियात डोकावून पाहू. दिल्लीच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मुलीही खो-खो खेळून गेल्या. त्यांच्या देशाचा स्वतःचा खेळ मात्र वेगळा आहे. त्याला ते फुटबॉलच म्हणतात, पण तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू. चेंडू पायाने मारावा, हातात धरून पळावे, मुठीने ठोसा देऊन सोबत्याकडे द्यावा, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर उडी घेऊन हवेतच झेलावा. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक. मेलबर्न शहरात १८५९ साली त्याचे नियम लिहिले गेले. पुरुष खेळाडूंना त्यात मोठा पैसा मिळू लागला त्यालाही अनेक दशके लोटली. पण स्त्रियांची राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा सुरू व्हायला २०१७ साल उजाडावे लागले!

त्या खेळातील एरिन फिलिप्स या स्त्रीची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. वडील याच खेळातले नामांकित खेळाडू. मुलगी लहानपणी मुलग्यांच्या संघातून खेळे आणि त्यांना भारी पडे. पण तेरा वर्षांची झाली तेव्हा तिला सांगण्यात आले की यापुढे मुलींना मुलग्यांबरोबर खेळता येणार नाही. आणि मुलींसाठी पुढची वाट नव्हतीच. तिने मग बास्केटबॉल धरला, त्यात अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेपर्यंत गेली, आणि २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाकडून रौप्यपदक मिळवले. २०१७ साली स्वतःच्या आवडीच्या खेळाची स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. तेराव्या वर्षी बंद झालेले दार एकतिसाव्या वर्षी उघडले. आणि त्या पहिल्याच हंगामात सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान तिलाच मिळाला!

२०१९ च्या मार्चमध्ये ॲडलेडच्या मैदानावर अंतिम सामना झाला. त्रेपन्न हजारांवर माणसे बायकांचा खेळ पाहायला जमली होती. एरिनचा संघ जिंकला, सामन्यातील उत्तम खेळाडूही तीच ठरली. पण सामना चालू असतानाच गुडघ्याचा स्नायुबंध तुटून तिला मैदानाबाहेर न्यावे लागले. आपला तिसरा प्रश्न येथे समोर उभा राहतो. गुडघा हे खेळाडूचे भांडवल. ज्या सावकाराचे भांडवल एका उडीत बुडू शकते त्याने विमा उतरवलेलाच बरा.

आता त्यांच्या वेतनाकडे पाहू. २०१७ च्या पहिल्या हंगामासाठी सामान्य खेळाडूला प्रथम पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ करण्यात आले होते. खेळाडूंच्या संघटनेने वाटाघाटी केल्या आणि आकडा साडेआठ हजारांवर गेला. निवडक मोहऱ्यांना सत्तावीस हजार. ऑस्ट्रेलियासारख्या महाग देशात एवढ्यावर वर्ष निघत नाही. त्यामुळे त्या मुली दिवसा नोकरी करीत आणि संध्याकाळी सरावाला येत. तरीही त्यांनी खेळ सोडला नाही, आणि प्रेक्षकांनीही त्यांना सोडले नाही. पहिल्याच सामन्याला, ३ फेब्रुवारी २०१७ रोजी, मैदान भरून दरवाजे बंद करावे लागले. चोवीस हजारांहून अधिक माणसे आत होती आणि कित्येक बाहेरून परतली. आठ संघांनी सुरू झालेली स्पर्धा २०२२ साली अठरा संघांची झाली. २०२३ साली स्त्रिया आणि पुरुष या दोहोंसाठी प्रथमच एकत्रित करार झाला. त्यानुसार स्त्रियांना बारा महिन्यांचे करार मिळाले आणि सरासरी वेतन २०२७ पर्यंत सुमारे ब्याऐंशी हजार डॉलरपर्यंत न्यायचे ठरले. यातले काहीही आपोआप झाले नाही. खेळाडूंची संघटना होती, ती करार मागत होती, म्हणून झाले.

आपल्याकडे मुलींच्या क्रिकेटने हीच वाट चालून दाखवली आहे. १९७३ साली महिला क्रिकेटची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात भरली. त्या काळच्या खेळाडू स्वतःच्या खर्चाने रेल्वेने प्रवास करीत. २००६ साली ही संघटना क्रिकेट मंडळात विलीन झाली. २०२२ साली सामन्याचे मानधन पुरुषांइतके करण्याचा निर्णय झाला. २०२३ साली महिलांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली, तीन कोटी चाळीस लाखांची, लागली ती सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना हिच्यावर. पुढे २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषकही जिंकला. १९७३ ते २०२३, बरोबर पन्नास वर्षे! ज्यांनी पहिल्या वर्षी स्वतःचे पैसे खर्चून प्रवास केला त्यांच्या पदरात यातला रुपया पडला नाही. पण त्या गाडीत बसल्या नसत्या तर आजची गाडी सुटलीच नसती.

गाडीवरून आमच्या गावची एक गोष्ट आठवली. गायकवाड सरकारने १८६२ साली आमच्या मियागामहून डभोईपर्यंत अरुंद रूळ टाकले. रूळ इतके हलके होते की त्यांवर इंजिन चालेना. म्हणून आरंभी आगगाडीचे डबे चक्क बैल ओढीत. पुढे १८७३ च्या सुमारास रूळ भक्कम करण्यात आले आणि मग इंजिन आले. आज कोणी हसेल. पण मुलींच्या खेळाची स्थिती पुष्कळ काळ हीच राहिली आहे. रूळ टाकलेले आहेत, डबेही आहेत. ओढायला मात्र आई-बापांचीच खांदेपट्टी. म्हणून रूळच टाकू नयेत, असे गायकवाड सरकार म्हणाले नाही.

आता माझ्या त्या जुन्या उत्तराविषयी. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावच्या शाळेत होतो. तेथील एक मुलगी राज्यपातळीवर खेळून आली होती. तिच्या वडिलांनी मला हाच प्रश्न विचारला, आणि मी मोठ्या शहाणपणाने सांगितले, "खेळ काय, चार दिवसांचा. तिला अभ्यासाला बसवा." तिने खेळ सोडला. काही वर्षांनी ती शाळेत आली. खेळाडूंच्या राखीव जागेवर भरती निघाली होती आणि अर्जाला स्पर्धेचे प्रमाणपत्र जोडायचे होते. घरच्या पत्र्याच्या पेटीत ते सापडेना, शाळेच्या दप्तरातही त्याची नोंद कोणी ठेवलेली नव्हती. दुसरी प्रत मिळवीपर्यंत अर्जाची मुदत टळली, आणि पुढच्या भरतीला तिचे वय बसेना. ती रागावली नाही. "असू द्या, सर," एवढेच म्हणाली. तो शब्द अजून कानात आहे. मी तिला अभ्यासाला बसवले, पण तिच्या पायांनी मिळवलेला तो कागद जपण्याची बुद्धी मला झाली नाही.

म्हणून आज त्या बापाला आणि तुम्हा सर्व पालकांना मी चार गोष्टी सांगू इच्छितो. पहिली, खेळ आणि शाळा यांत एकच निवडा असे मुलीला कधीही सांगू नका. खेळाच्या बळावर मिळणाऱ्या नोकरीलाही शिक्षणाची अट असतेच. शाळा सोडलेल्या पदकवीराला ती दारे बंद होतात. दुसरी, प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, ते कितीही किरकोळ वाटो, जपून ठेवा. त्याच्या दोन प्रती वेगळ्या ठेवा. शाळेच्या दप्तरात नोंद करून घ्या. कोणती स्पर्धा मान्यताप्राप्त आणि कोणती नाही, हे आधीच विचारून घ्या, कारण नोकरीच्या वेळी त्याची पडताळणी होते. तिसरी, सरकारी योजनांची चौकशी करण्यात संकोच बाळगू नका. गुजरातेत २०१० सालापासून खेल महाकुंभ भरतो; निवडक मुलांसाठी जिल्हा क्रीडाशाळा आहेत, तेथे राहणे, जेवण आणि शिकवणे यांची सोय होते. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला दरमहा दहा हजार रुपये हातखर्चासाठी मिळत आले आहेत. त्या दहा भुकेल्या वर्षांवरचा हाच उपाय आहे. चौथी, खेळण्याची वर्षे थोडी, पण खेळाची वर्षे पुष्कळ. पंच, प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक, क्रीडा अधिकारी, या वाटा खेळणे थांबल्यावरच सुरू होतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम आहे. शारीरिक शिक्षणाच्या पदव्या तर जवळपासच्या विद्यापीठांतही मिळतात.

आणि एक गोष्ट आपण शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी करायची आहे. मुलींचा सामना असेल त्या दिवशी मैदानावर जाऊन उभे राहायचे. ऑस्ट्रेलियात दरवाजे बंद करावे लागले ते सरकारी हुकमाने नव्हे, माणसे आली म्हणून. जो खेळ कोणी पाहत नाही त्याला करार देण्यास कोणीही पुढे येत नाही. आपल्या गावात मुलग्यांच्या क्रिकेटला माणसे झाडांवर चढतात आणि मुलींच्या खो-खोला चार शिक्षक आणि एक शिपाई, एवढेच प्रेक्षक असतात. यात बदल करण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

तर मग, खो देऊन पोट भरते काय? प्रामाणिक उत्तर असे आहे की, अजून फक्त खो देऊन पोट भरत नाही. लाखांत एखादीला कोटी मिळतात; त्या आशेवर घर बांधू नये. पण खो देणाऱ्या मुलीला शिक्षणाची जोड मिळाली, कागद जपले गेले, आणि वाढत्या वयात तिला दोन वेळा पोटभर जेवायला मिळाले, तर ती स्वतःचे पोट भरील आणि प्रसंगी घराचेही. सारिका काळे यांनी ते करून दाखवले आहे. जेवणाची तेवढी सोय त्यांना नव्हती, ती आपण आपल्या मुलींना करून द्यावी.

दुसऱ्या दिवशी मी त्या वडिलांच्या घरी गेलो आणि हे सारे त्यांना सांगितले. ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी उठून त्यांनी फळीवरचा एक बिस्किटांचा डबा खाली काढला, आतील सुईदोरा बाजूला केला आणि मुलीला म्हणाले, "तुझे ते कागद यात ठेव. आणि हा डबा कोणी हलवायचा नाही." मुलीने तालुक्याच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र घडी न घालता त्यात ठेवले, आणि बुटांच्या नाड्या बांधून ती मैदानाकडे निघाली.